कुलाब्याच्या सुईने पाहिलेले वादळ

२०२४ सालची अक्षय्य तृतीया १० मे रोजी, शुक्रवारी आली होती. जालन्यात त्या दिवशी दोन गडबडी एकदमच चालू होत्या. घराघरांत पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जात होती, पुरण शिजत होते, आमरसाची पातेली रिकामी होत होती. रस्त्यावर लोकसभेच्या प्रचाराच्या गाड्या फिरत होत्या, कारण मतदान तीनच दिवसांवर, १३ मे रोजी होते. रात्री साडेदहा वाजून गेले, भोंगे बंद झाले, गाव निजायच्या बेताला आले आणि त्याच सुमारास सूर्यावरून निघालेला तप्त, विद्युतभारित वायूचा लोट पृथ्वीवर येऊन आदळला.

जालन्यात कोणाला काही कळले नाही. वारा सुटला नाही, आभाळ गडगडले नाही. पण अलिबागच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकांना ते कळले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र एकदम दचकल्यासारखे वर उसळले आणि मग सकाळपर्यंत खाली खाली जात राहिले. त्याच रात्री लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर तांबूस उजेड टिपला. एरवी ध्रुवाजवळच्या देशांत दिसणारा हा प्रकाश भारताच्या आभाळात उतरला होता. अमेरिकेत आणि कॅनडात पेरणीचे दिवस होते. तिथले ट्रॅक्टर उपग्रहांच्या संकेतांवर सरळ ओळ धरतात. ते संकेत बिघडले आणि काही शेतकऱ्यांना ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभे करावे लागले.

हे वादळ येणार, ही सूचना आदल्या दिवशी दिली गेली होती. सूर्यावरचे वादळ पृथ्वीवर कधी पोहोचेल, हे माणूस आज सांगू शकतो. पाऊस नीट सांगता येत नाही अशी ज्या मुलखाची रोजची तक्रार असते, तिथे बसून ही गोष्ट ऐकली की नवल वाटते. या विद्येच्या मुळाशी जायला निघालो तर वाट मराठी माणसाच्या चांगल्याच ओळखीच्या एका ठिकाणाशी येते. आकाशवाणीच्या बातम्यांच्या शेवटी हवामान सांगताना ‘कुलाबा इथे’ आणि ‘सांताक्रूझ इथे’ हे शब्द ऐकत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. त्यातले ते कुलाबा.

रेशमाला टांगलेले चुंबक

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. मुंबई बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना अचूक वेळ मिळावी आणि ग्रहताऱ्यांचे वेध घेता यावेत, हा हेतू होता. पुढे १८४० च्या सुमारास युरोपात एक वेगळीच मोहीम सुरू झाली. होकायंत्राची सुई दिवसभर एका जागी स्थिर राहत नाही, हे जाणकारांना ठाऊक होते. ती सकाळी थोडी एका बाजूला सरकते, दुपारी परत फिरते आणि अधूनमधून कारण नसताना थरथरते. ही थरथर जगभर एकाच वेळी होते का, हे तपासायचे ठरले. त्यासाठी ठिकठिकाणी वेधशाळा हव्या होत्या. कंपनीने सिमला, मद्रास आणि सिंगापूर इथे त्या काढल्या. मुंबईत १८४१ पासून कुलाब्याला चुंबकीय नोंदी सुरू झाल्या आणि एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार त्यांचे प्रमुख झाले.

या ऑर्लेबारांच्या हाताखाली एक पंधरा-सोळा वर्षांचा मराठी मुलगा पन्नास रुपये पगारावर साहाय्यक म्हणून लागला. हा मुलगा अलिबागजवळच्या नागावचा. त्याचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना केरूनाना म्हणून ओळखू लागला. लोकमान्य टिळकांचे ते गणिताचे गुरू, ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ लिहिणारे ज्योतिर्गणिती. पण त्यांची खरी शाळा कुलाब्याची. १८५१ पर्यंत, म्हणजे वयाची उमेदीची दहा-अकरा वर्षे, त्यांनी तिथे हवामानाच्या आणि चुंबकाच्या नोंदी ठेवल्या. सूर्यावरचे डाग आणि हवामान यांचा काही संबंध आहे का, हा प्रश्न पुढे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचाही या वेधशाळेच्या कारभाराशी काही काळ संबंध आला होता. मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारा माणूस आणि मराठी गणिताचा पाया घालणारा माणूस, दोघांचेही पाय या एकाच जागेला लागले आहेत.

तिथले काम दिसायला अगदी साधे होते. चुंबकाची एक कांडी धाग्याला आडवी टांगलेली असे. हवेच्या झुळकीने ती हलू नये म्हणून सगळे बंदिस्त. थोड्या अंतरावर एक लहान दुर्बीण पक्की बसवलेली. निरीक्षकाने दुर्बिणीला डोळा लावायचा, कांडी किंचित वळली की दुर्बिणीत दिसणारी आकड्यांची पट्टी सरके, तो आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पृथ्वीच्या क्षेत्राचे आडवे चुंबकीय बल मोजायला कांडी दोन धाग्यांवर टांगत. पृथ्वीची ओढ वाढली किंवा घटली की धाग्यांचा पीळ बदले आणि आकडा पुढे-मागे होई. ही यंत्रे डब्लिनच्या थॉमस ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली होती. आकडा दर तासाला वाचायचा, दिवसाही आणि रात्रीही. सुईत खळबळ दिसली तर दर पंधरा मिनिटांनी, आणि फारच झाली तर दर पाच मिनिटांनी.

या नियमातच पुढची सगळी गोष्ट दडलेली आहे.

१ सप्टेंबर १८५९

सत्तावन्नचा वणवा विझून फार दिवस झाले नव्हते. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य सुरू झाले होते. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते, गावाशेजारी लष्करी छावणी होती. सार्वजनिक गणेशोत्सव अजून सुरू व्हायचा होता, पण भाद्रपदाचा शुद्ध पक्ष लागला होता आणि घरोघरी गणपतीचे दिवस होते.

गुरुवार, १ सप्टेंबर. इंग्लंडमध्ये लंडनच्या दक्षिणेला रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे गृहस्थ स्वतःच्या वेधशाळेत बसले होते. दुर्बिणीतून आलेली सूर्याची प्रतिमा पडद्यावर घेऊन ते त्यावरच्या डागांचे चित्र काढत. त्या दिवशी डागांचा एक मोठा पुंजका सूर्याच्या तोंडावर होता. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी त्या पुंजक्यावर पांढऱ्या लखलखीत प्रकाशाचे दोन ठिपके उमटले. सूर्याच्या बिंबावर सूर्याहूनही तेजस्वी काही दिसेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. कॅरिंग्टन साक्षीदार शोधायला धावले आणि मिनिटाभरात परत येतात तो प्रकाश मंदावला होता. पाच मिनिटांत सगळे संपले. सुदैवाने रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही तेच पाहिले होते. सौरज्वालेचे हे माणसाने केलेले पहिले निरीक्षण.

त्या वेळी मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते.

ज्वालेबरोबर सूर्याने अब्जावधी टन विद्युतभारित वायू अवकाशात फेकला आणि तो नेमका पृथ्वीच्या रोखाने निघाला. सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर. असे लोट पोहोचायला एरवी दोन-तीन दिवस घेतात. हा साडेसतरा तासांत पोहोचला. त्याआधी चार दिवस, २८ ऑगस्टला, असाच एक लोट येऊन गेला होता आणि त्याने वाट मोकळी करून ठेवली होती. पहिल्या गाडीने चिखलात चाकोरी पाडली की मागची गाडी सरसर निघते, तसेच ते होते.

शुक्रवार, २ सप्टेंबर. मुंबईत सकाळचे दहा वाजत आले होते. कुलाब्याची सुई आधी एकदम चढली आणि मग कोसळू लागली. नेहमीच्या दिवशी मुंबईत आडवे चुंबकीय बल काही डझन नॅनोटेस्ला वर-खाली होते. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचे लहानसे माप. त्या सकाळी ते तासा-दीड तासात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरले. मुंबईतल्या एकूण आडव्या बलाचा साधारण चार टक्के हिस्सा दुपारच्या आत नाहीसा झाला होता. चार टक्के ऐकायला थोडे वाटतील. पण १९८९ साली ज्या वादळाने कॅनडातला क्युबेक प्रांत अंधारात बुडवला, त्याची जगभरची सरासरी घसरण सहाशेच्या आत होती. अक्षय्य तृतीयेच्या त्या रात्रीची चारशेच्या आसपास.

बाहेर लख्ख दिवस. मुंबईला आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. जिथे रात्र होती तिथे, क्युबापासून हवाईपर्यंत, आकाश रक्तासारखे लाल झाले होते. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारबाबूंनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि जमिनीतून तारांमध्ये आपोआप वाहणाऱ्या विजेवरच एकमेकांशी बोलून घेतले. काही ठिकाणी तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या.

लंडनजवळ क्यू आणि ग्रीनिच इथल्या वेधशाळा त्या काळी सर्वांत आधुनिक. तिथे माणूस डोळा लावून बसत नसे. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या फोटो-कागदावर आपोआप रेघ ओढी. पण वादळ इतके दांडगे होते की ठिपका कागदाच्या कडेबाहेर निघून गेला. ऐन भरात काय झाले, याची रेघच उमटली नाही. कुलाब्याला कागद नव्हता, कडही नव्हती. लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या देखरेखीखालच्या त्या वेधशाळेत दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस होता. सुई जिथे गेली तिथवर त्याचा डोळा गेला आणि आकडा वहीत उतरला. विषुववृत्ताच्या जवळच्या पट्ट्यातली त्या महावादळाची एवढी सलग नोंद जगात दुसरीकडे राहिली नाही.

ट्राम आली आणि सुई अलिबागला गेली

पुढची मोठी आठवण ४ फेब्रुवारी १८७२ ची. तो रविवार होता. त्या रात्री खुद्द मुंबईत आकाश रंगल्याची बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने छापली. समुद्राखालून नुकत्याच टाकलेल्या तारेत आणि सरकारी तारांमध्ये परक्या विजेचे प्रवाह खेळू लागल्याचेही तीत होते. कुलाब्याच्या सुईने त्या वेळीही मोठी घसरण नोंदवली.

एव्हाना सिमला आणि सिंगापूरच्या चुंबकीय वेधशाळा बंद पडल्या होत्या, पुढे मद्रासचीही बंद झाली. कुलाबा चालू राहिले. १८९६ साली तिथे पहिला भारतीय संचालक आला. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, मुंबईचे पारशी गृहस्थ, शिक्षण एडिंबरोपर्यंत झालेले. त्यांचा जन्मही त्या महावादळाच्याच वर्षीचा, १८५९ चा.

मूस यांच्यापुढे लवकरच एक संकट उभे राहिले. मुंबईतली घोड्यांची ट्राम जाऊन विजेची येणार, असे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना थोडा जमिनीत झिरपतो आणि जिथे प्रवाह तिथे चुंबकत्व. शहराच्या भल्यासाठी येणारी ट्राम सुईला रोज खोटे बोलायला लावणार होती. मूस यांनी ट्रामशी भांडत न बसता नवी जागा शोधली. मुंबईपासून समुद्रापलीकडे सुमारे तीस किलोमीटरवर अलिबाग. केरूनानांचे नागाव तिथून हाकेच्या अंतरावर.

बांधकामाचीही मोठी अडचण होती. आपल्या दख्खनचा काळा दगड, जालन्याच्या विहिरी ज्यात खोदल्या जातात तोच, लोहयुक्त आणि थोडा चुंबकीय असतो. त्याच्या भिंती उभ्या केल्या तर सुई पृथ्वीकडे पाहील की भिंतीकडे? म्हणून पोरबंदरचा दगड निवडून आणला. लोखंडाचा खिळासुद्धा चालणार नव्हता, म्हणून पितळेचे आणि तांब्याचे साहित्य वापरले.

जागा बदलली की आकडे बदलतात. जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसला नाही तर साठ वर्षांची मालिका तुटली असती. म्हणून १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, फरक काढला गेला आणि मग कुलाब्याची सुई थांबवली. विजेची ट्राम मुंबईत मे १९०७ मध्ये धावली. सुईची सोय तिच्या आधीच झाली होती. सार्वजनिक कामात अशी दूरदृष्टी विरळाच दिसते. ज्याचा उपयोग शंभर वर्षांनी होईल अशा गोष्टीसाठी मूस यांनी स्वतःची उमेदीची वर्षे घातली, म्हणून त्यांचे नाव प्रत्येक मराठी शाळेत घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

मूस एवढ्यावर थांबले नाहीत. १८४६ ते १९०५ या काळातले कुलाब्याचे आकडे हाताने तपासून, सरासऱ्या काढून, १९१० साली त्यांनी दोन खंडांत छापले. त्यात त्यांनी दाखवून दिले की चुंबकीय वादळाला ठरावीक चाल असते. आधी अचानक उसळी, मग काही तासांची घसरण आणि नंतर दोन-तीन दिवस चालणारी सावकाश भरपाई. सिडनी चॅपमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी वादळांचा सिद्धान्त रचला तेव्हा मूस यांचे हे खंड त्यांच्या हाताशी होते. तापाचा तक्ता पाहून वैद्य रोग ओळखतो. तो तक्ता मूस यांनी तयार करून ठेवला होता.

जुन्या वहीतले उत्तर

१९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. आज तिचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे आणि अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत येते. संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेस यांच्याबरोबर १८५९ च्या कुलाब्याच्या नोंदी नव्याने उलगडल्या. २००३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १,६०० हा आकडा जगापुढे आला. नोंद झाल्यापासून तोवर एकशे चव्वेचाळीस वर्षे उलटली होती.

या आकड्यावर वाद झाला, आजही आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात, वादळाची तुलना करायची तर तासाभराची सरासरी घ्यायला हवी आणि तशी घेतली की घसरण बरीच कमी भरते. काहींच्या मते त्या वेळी मुंबईवर दिवस असल्याने डोक्यावरच्या उंच वातावरणातले स्थानिक प्रवाहही सुईला खाली ओढत असावेत. हा वाद झाला म्हणूनच नोंदीची किंमत कळते. पाच-पाच मिनिटांचे आकडे लिहिलेले होते, म्हणून वाद घालता आला.

भाकिताच्या विद्येत या वहीला फार मोठे स्थान आहे. वादळाची गणिती प्रतिकृती, ज्याला सगळे ‘मॉडेल’ म्हणतात, ती झालेल्या वादळांवर पारखून घ्यावी लागते. उपग्रह आकाशात गेले १९५७ नंतर. तेव्हापासून पृथ्वीवर १८५९ च्या तोडीचे एकही वादळ आदळलेले नाही. २३ जुलै २०१२ रोजी सूर्याने तसाच एक लोट फेकला होता, पण तो दुसऱ्या दिशेने गेला. त्यामुळे सर्वांत वाईट काय होऊ शकते, हे विचारायचे तर कुलाब्याच्या वहीकडेच यावे लागते. तिथे उत्तर लिहिलेले आहे. आजचे शास्त्रज्ञ त्या उत्तरावरून उलटे गणित मांडतात: सुई इतकी खाली गेली, तर आलेला लोट किती वेगाचा आणि किती चुंबकत्व घेऊन आला असेल?

गोदाकाठचे गणित

भाकीत कसे करतात, हे जालना जिल्ह्यातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. जिल्ह्याची दक्षिण कड गोदावरीची. पैठणला नाथसागराचे दरवाजे उघडले की अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या काठच्या गावांना इशारा जातो. किती क्युसेक सोडले हे कळले की पाणी शहागडला केव्हा पोहोचेल, याचा हिशेब होतो.

सूर्याचेही असेच आहे. लोट सुटला की अवकाशातल्या दुर्बिणी सूर्याचे बिंब झाकून त्याभोवतीचे प्रभामंडळ पाहतात, आणि त्या चित्रांतून लोटाची दिशा आणि वेग निघतो. मग मॉडेल चालवायचे. जगभर वापरात असलेल्या एका मॉडेलचे नाव ‘एनलिल’ आहे. प्राचीन सुमेरियन लोक वाऱ्याच्या देवाला हे नाव देत. सूर्यापासून सतत वाहणारा सौरवारा कुठे संथ, कुठे जोराचा, हे ते आधी गणिताने मांडते आणि त्यात हा लोट सोडून देते. संथ वाऱ्यात तो अडखळतो, मोकळ्या वाटेवर सुसाटतो. पोहोचण्याच्या वेळेचा अंदाज बऱ्याचदा काही तासांच्या फरकाने बरोबर येतो.

इथवर गोदावरीचा दाखला पुरतो. पुढे एक गाठ आहे आणि ती अजून सुटलेली नाही. लोटाबरोबर त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र येते. त्याचा रोख उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचे क्षेत्र त्याला बाहेर थोपवते. रोख दक्षिणेकडे असेल तर दोन्ही क्षेत्रे जोडली जातात, कवच उघडते आणि ऊर्जा आत शिरते. मग पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विजेचे एक कडे फिरू लागते. चुंबकमापकाची सुई मुख्यतः त्या कड्यामुळे खाली जाते. हा रोख दुरून दिसत नाही. तो कळतो पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला उभ्या असलेल्या यानांना, लोट त्यांच्या अंगावरून जातो तेव्हाच. सेकंदाला सातशे किलोमीटरने येणारा लोट तिथून पृथ्वीवर जेमतेम पस्तीस-छत्तीस मिनिटांत येतो. पूर येणार हे दोन दिवस आधी कळते. पाणी घरात शिरणार की उंबऱ्यावरून परतणार, हे अर्धा-पाऊण तास आधी.

मे २०२४ मध्ये नेमके हेच झाले. पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरा पट रुंद डागांच्या पुंजक्यातून एकामागून एक लोट सुटले आणि वाटेत एकमेकांत मिसळले. अमेरिकेच्या अवकाश-हवामान केंद्राने ९ मे रोजी पाचपैकी चौथ्या पायरीचा इशारा दिला. २००५ नंतर असा इशारा प्रथमच दिला जात होता. प्रत्यक्षात वादळ पाचव्या पायरीवर गेले, २००३ नंतर पहिल्यांदाच. वेळ बरीच बरोबर आली, जोर कमी धरला गेला.

लहान वादळही कमी लेखून चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे एकोणपन्नास उपग्रह एकत्र सोडले होते. साधेसेच वादळ आले, वरचे वातावरण तापून फुगले, घर्षण वाढले आणि त्यातले अडतीस उपग्रह वर चढण्याऐवजी खाली येऊन जळाले. मार्च १९८९ मध्ये क्युबेकची वीजयंत्रणा सुमारे दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

दोन सप्टेंबर

भारताचे आदित्य एल-१ हे यान ज्या दिवशी श्रीहरिकोटाहून निघाले, ती तारीख होती २ सप्टेंबर २०२३. वेळ दुपारी बाराला दहा मिनिटे कमी. १८५९ मध्ये कुलाब्याची सुई तळाला गेली तीही २ सप्टेंबरलाच, मध्यान्हाच्या थोडी आधी. योगायोगच म्हणायचा, पण मला तो फार मोलाचा वाटतो. यान ६ जानेवारी २०२४ रोजी त्या पंधरा लाख किलोमीटरवरच्या ठाण्यावर पोहोचले. त्यावरची अतिनील किरणांत सूर्याचे चित्र घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेत तयार झाली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांनी तिचे नेतृत्व केले. त्याच यानावर एक चुंबकमापकही आहे. कुलाब्यात धाग्याला टांगलेल्या कांडीचा तो वंशजच. काम तेच, फक्त आता तो लोटाच्या वाटेवर पुढे जाऊन उभा राहिला आहे.

जालन्याला याचे काय, असे कोणी विचारील. सळयांच्या कारखान्यांतल्या भट्ट्या अखंड विजेवर चालतात. क्युबेकइतका धोका आपल्या अक्षांशावर नाही, पण सगळ्या देशाच्या तारा आता एकमेकींना जोडलेल्या आहेत. शेतात फवारणीचे ड्रोन आले, ते उपग्रहावर वाट शोधतात. विषुववृत्ताजवळच्या आपल्या पट्ट्यात वरचे वातावरण सूर्यास्तानंतर असेही अस्थिर असते, आणि वादळात ते संकेत आणखी बिघडवू शकते. हवामानाचा अंदाज देणारे उपग्रहही त्याच आभाळात आहेत.

पण मला या इतिहासातून जालन्यासाठी दुसरीच एक गोष्ट घ्यावीशी वाटते. दुष्काळी मुलखात आपण अंदाजावर चिडतो, कारण अंदाजावर पेरणी अवलंबून असते. अंदाज कशावर अवलंबून असतो? रोज सकाळी ठरल्या वेळेला पर्जन्यमापकातले पाणी मोजून आकडा लिहिणाऱ्या हातावर. महसूल मंडळाच्या ठिकाणचा तो आकडा एक दिवस चुकवला, अंदाजपंचे भरला, तर त्याने कोणाचे काही बिघडल्याचे त्या दिवशी दिसत नाही. ते दिसते पन्नास वर्षांनी, जेव्हा कोणी त्या वहीत उत्तर शोधायला येते आणि तिथे रकाना रिकामा असतो.

कुलाब्याचा रकाना रिकामा नव्हता. भाद्रपदातल्या त्या शुक्रवारी घरोघरी आरत्या चालल्या होत्या. बाहेर नेहमीसारखी सकाळ होती. आत दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाला समोरची सुई अशी का कोसळते आहे, हे कळायला मार्ग नव्हता. सूर्यावर आदल्या दिवशी काय झाले, याची वार्ता इंग्लंडहून बोटीने यायला काही आठवडे लागणार होते. त्याने नियम पाळला. पाच मिनिटे झाली, आकडा लिहिला. आणखी पाच मिनिटे झाली, पुढचा आकडा लिहिला.